पोकळ वाळू

वडिलांच्या छातीत वाळू होती.
एक्स-रेवर दिसायची,
बर्फ पडण्याआधी आभाळ दिसतं तशी.
हामे प्रांतातल्या काचकारखान्यात
एकतीस वर्षं मिश्रण कालवायचं काम.
ओइवा त्यांचं नाव. खोकला आला
की टोपी काढून तोंडावर धरायचे,
चर्चमध्ये शिरल्यासारखे.

आणि मी, त्यांची मुलगी,
तुर्कूतल्या या तळघरात वाळू करते.
करते म्हणजे अक्षरशः करते.
साबणासारखं एक रसायन पाण्यात सोडायचं,
ते आपोआप दांड्यादांड्यांनी गोळा होतं,
भोवती सिलिका धरू द्यायची,
दुधावर साय धरते तितक्या सावकाश.
मग साडेपाचशे अंशांवर रात्रभर भाजायचं.
साबण जळून जातो.
त्याची जागा तेवढी राहते.
घर बांधून झाल्यावर गवंडीच नाहीसा व्हावा
आणि त्याच्या अंगाच्या मापाची खोली उरावी,
तसं.

चिमूटभर पांढरी भुकटी.
एका ग्रॅममध्ये इतक्या भिंती, की उलगडल्या तर
ताविस्तो म्हणतो, चार टेनिस कोर्टं.
मी टेनिस खेळत नाही.
मी म्हणते, आईनं आयुष्यभर धुतलेल्या चादरी.

त्या खोल्यांत औषध भरतो, लालभडक.
भुकटी विटकरी होते. माझी नखंही.

जंतू आले चौदा नंबरच्या खाटेवरून.
जहाजबांधणीतला वेल्डर,
गुडघ्यात धातूचा सांधा,
सांध्यावर त्यांनी पांघरलेली बुळबुळीत गोधडी.
वरून दिलेलं औषध गोधडीतच जिरायचं.
झिरपत झिरपत थोडंसं तळाला पोचलं
तर तेवढ्यावर ते शिकायचे, निर्ढावायचे.
थोडं थोडं देणं म्हणजे शिकवणी लावणं.
द्यायचं तर ओंजळभर, एकदम, दाराशी नेऊन.
त्यासाठी ही वाळू.

वेल्डर नोव्हेंबरात गेला.
आम्हाला नाव सांगत नाहीत, नियम आहे.
पण तुर्कू लहान गाव,
आणि त्याची बायको स्वेआ
दर मंगळवारी माझ्याच सौनात, वरच्या बाकावर.
त्याचे जंतू मात्र आहेत.
उणे ऐंशीच्या फ्रीझरमध्ये, तिसऱ्या कप्प्यात,
घरमालक गेल्यावरही न हललेले भाडेकरू.

आज सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं.
हिरवं म्हणजे जिवंत, लाल म्हणजे मेलेलं.
नुसतं औषध घातलेली पट्टी: हिरवं कुरण,
वरवर थोडी लाली.
पोकळ वाळू घातलेली:
तळापर्यंत लाल.
ताविस्तोनं टेबलावर थाप मारली, कॉफी सांडली.
तिसऱ्या पट्टीच्या कोपऱ्यात
एक हिरवा ठिपका होता.
मी तो वहीत लिहिला. त्यानं नंतर लिहिला.

वडिलांची वाळू धारदार होती, विरघळली नाही,
त्यांच्याबरोबर जमिनीत गेली.
माझी विरघळते, म्हणतात.
काही आठवड्यांत लघवीवाटे निघून जाते.
उंदरांत तरी. माणसांचं माहीत नाही.
भुकटी तोलताना मी एकावर एक दोन मास्क बांधते,
आणि ताविस्तो, जो सगळ्याला हसतो,
याला हसत नाही.

मंगळवारी सौनात नियम मोडला.
दगडांवर पाणी ओतलं, वाफ उठली,
आणि वाफेकडे बघत सांगून टाकलं.
स्वेआ बराच वेळ गप्प.
मग म्हणाली, म्हणजे ते अजून आहेत?
आहेत.
रुनारचे?
हो.
तिनं बादलीतला पळा उचलला,
माझ्या हातात दिला,
आणि सरकून जागा केली.
किती आहेत, म्हणाली, मोजता येतात का?